मोठं पिल्लू धाकट्याला टोचतं, तेव्हा गरुडाची मादी गप्प का बसते?

२०२५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर व्हॅलीत जॅकी आणि शॅडो या गरुडांच्या जोडीची तीन अंडी फुटली. तारखा ३, ४ आणि ८. घरटं पाइनच्या झाडावर सुमारे १४५ फुटांवर, आणि त्यावर चोवीस तास चालणारा कॅमेरा. महिन्याच्या मध्याला हिमवादळ आलं, त्यात एक पिल्लू गेलं. उरलेली दोन जूनमध्ये उडाली. अशा घरट्यांचे व्हिडिओ आता सातारा-सांगलीतल्या फोनांवरही फिरतात आणि त्यांच्यासोबत ठरलेले प्रश्न येतात. मोठं पिल्लू धाकट्याला बडवतंय आणि आई शेजारी बसून बघतेय, ही कसली आई? बाप तासन्‌तास कुठे गायब असतो? कॅमेरा लावणारे मदत का करत नाहीत?

प्रश्न रास्त आहेत. पण घरट्यातलं बहुतेक सगळं वागणं दोन गोष्टींवर ठरतं: शिकार किती येते, आणि पिलाच्या अंगाचं तापमान कोण सांभाळतं. हे लक्षात ठेवून पाहिलं तर क्रूर किंवा हलगर्जी वाटणारं बरंच काही उलगडतं.

## आपल्याकडे कोणते गरुड घरटी करतात?

सातारा-सांगलीच्या पश्चिमेला कोयना आणि चांदोलीचं जंगल आहे. २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथे तुरेवाला सर्पगरुड दिसण्याआधी ऐकू येतो. काळा गरुड झाडांच्या शेंड्यांलगत संथ तरंगत इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लं शोधत फिरतो. घाटातल्या आणि गडांच्या कड्यांवर मोरघार (बोनेलीचा गरुड) घरटं करते. नावात घार असली तरी हा गरुडच, तोही तिघांतला सगळ्यात तिखट शिकारी. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर सापमार गरुड असतो. मोठं डोकं, पिवळे डोळे, खालून पांढुरका, आणि हवेत एका जागी पंख मारत थांबण्याची सवय, यावरून तो ओळखू येतो.

गावावर घिरट्या घालणारी, शेपटीला खाच असलेली ती साधी घार. ती गरुड नव्हे, पण सरावासाठी तिच्यासारखी नाही. माणसांना सरावलेली असते, घरटं वस्तीतल्या मोठ्या झाडावर असतं, आणि पुढे सांगितलेल्या अर्ध्याअधिक गोष्टी तिच्या घरट्यातही बघायला मिळतात.

आपल्या भागात जोड्या थंडीत घरटं नीट करायला घेतात. अंडी साधारण डिसेंबर ते मार्च या काळात, आणि पावसाआधी पिल्लू उडतं. उन्हाळ्यात गवत वाळून बसतं, झाडं ओकीबोकी होतात, सरडे-साप उघड्यावर दिसतात आणि तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा गरुडाला फुकट उंचीवर नेते. पिलाची भूक सगळ्यात जास्त असते तेव्हाच शिकार सोपी असते.

## अंडी एकाच दिवशी का फुटत नाहीत?

कोंबडी सगळी अंडी घालून झाल्यावर खुडूक बसते, म्हणून पिल्लं एकदम निघतात. गरुडाची मादी दोन अंड्यांमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवते, पण बसायला सुरुवात पहिल्या किंवा दुसऱ्या अंड्यापासूनच करते. ज्याला ऊब आधी मिळाली ते आधी फुटतं. बिग बेअरला पहिली दोन पिल्लं काही तासांच्या अंतराने आली, तिसरं मात्र चार दिवस मागे राहिलं. झपाट्याने वाढणाऱ्या देहात चार दिवसांचा फरक म्हणजे मोठं पिल्लू धाकट्यावर सहज बसू शकेल एवढा.

अंडं फुटणं हेही झटपट होत नाही. चोचीच्या टोकावर एक कडक कण असतो. त्याने पिल्लू आतून आधी बारीक भोक पाडतं, मग थांबत थांबत कवच कातरतं. पहिल्या भोकापासून बाहेर येईपर्यंत एक ते दोन दिवस सहज जातात. मधल्या वेळेत हालचाल थांबली म्हणून पिल्लू मेलं असं नाही. मादी त्याला मदत करत नाही आणि करूही नये, कारण या वेळात कवचाला चिकटलेलं रक्त आणि पोटातला उरलेला बलक शरीरात ओढला जात असतो.

आकडे लक्षात ठेवायचे तर एवढे पुरेत. मोरघार बहुधा दोन अंडी घालते, ३७ ते ४१ दिवस उबवते आणि पिल्लू दोन महिन्यांच्या आसपास उडतं. सापमार एकच अंडं घालतो, ४५ ते ४७ दिवस उबवण, ७० ते ८० दिवसांनी उड्डाण. सर्पगरुडाचंही अंडं एकच, उबवण सुमारे ४१ दिवस. अमेरिकेतला पांढऱ्या डोक्याचा बाल्ड ईगल एक ते तीन अंडी घालतो, साधारण ३५ दिवस उबवतो आणि पिल्लं १० ते १२ आठवड्यांत उडतात. बिग बेअरसारख्या उंच, थंड जागी उबवण चार-पाच दिवस लांबते.

म्हणजे आपल्या भागात ज्यांची घरटी दिसण्याची शक्यता जास्त, त्या सापमार आणि सर्पगरुडाच्या घरट्यात भावंडांचं भांडण मुळी नसतंच. ते बघायचं तर मोरघारीच्या कड्याकडे किंवा परदेशी कॅमेऱ्याकडे वळावं लागतं.

## मग मादी मध्ये का पडत नाही?

आता मूळ प्रश्न. मोठ्या पिलाने धाकट्याला टोचून, उपाशी ठेवून मारणं याला पक्षी अभ्यासक भावंडहत्या म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर सगळा गोंधळ होतो.

पहिल्या प्रकारात ती जवळपास ठरलेलीच असते. आफ्रिकेतल्या व्हेरोच्या गरुडात दोन अंडी असतात आणि धाकटं जगणं हा अपवाद. झिंबाब्वेतल्या मातोबो टेकड्यांत एका घरट्यावर सलग लक्ष ठेवलं, तेव्हा तीन दिवसांत मोठ्याने धाकट्याला १,५६९ वेळा टोचल्याचं मोजलं गेलं. घरट्यात मांस पडून असतानाही हे चालतं, म्हणजे त्या क्षणाची भूक हे त्याचं कारण नव्हे.

दुसऱ्या प्रकारात सगळं अन्नावर असतं. बाल्ड ईगल आणि मोरघार इथे मोडतात. शिकार भरपूर आली तर सुरुवातीची टोचाटोची आठवड्या-दोन आठवड्यांत निवते आणि दोन्ही उडतात. शिकार तोकडी पडली तर धाकटं जातं.

दुसरं अंडं घालायचंच कशाला, असं वाटेल. माण-जतचा कोरडवाहू शेतकरी बाजरीत तूर मिसळून पेरतो तसं हे आहे. पाऊस बरा झाला तर दोन्ही घरात येतात, ओढ दिली तर निदान एक हाताला लागतं, आणि तुरीचं बियाणं काही फार महाग पडत नाही. एका जादा अंड्याचा खर्च मादीला तुलनेने कमी असतो. पहिलं अंडं वांझ निघालं किंवा पहिलं पिल्लू दगावलं तर दुसरं तयार असतं.

मध्ये पडून मादीने काय साधेल, हेही बघा. घरट्यात येणारं मांस तेवढंच राहतं. तुटपुंजी शिकार दोघांत सारखी वाटली तर दोन्ही अशक्त निघतील आणि पहिल्या पावसाळ्यातच मरतील. भरवताना मादी बरोबरी बघत नाही. जे पिल्लू मान वर करून पुढे येतं त्याच्या चोचीत घास जातो. तिला निर्दय म्हणायचं तर म्हणा, पण वर्षानुवर्षांचा हिशेब करता याच पद्धतीने जास्त पिल्लं उडाली, आणि आजच्या गरुडांत तीच सवय उतरली.

बघणाऱ्याने एक गोष्ट जरूर तपासावी: पिलाच्या गळ्याखालची पिशवी. गिळलेलं मांस आधी तिथे साठतं आणि भरल्यावर तिथे लिंबाएवढा फुगवटा दिसतो. मोठ्याची पिशवी भरली की ते सुस्तावून झोपतं आणि धाकट्याला वाट मोकळी होते. संध्याकाळी दोघांच्या पिशव्या फुगलेल्या असतील तर दिवसभर कितीही मारामारी दिसली तरी काळजीचं कारण नाही. धाकट्याची पिशवी लागोपाठ दोन दिवस सपाट असेल, तर ते मागे पडत चाललं आहे.

## पहिले पंधरा-वीस दिवस: ऊब, सावली आणि बारीक घास

अंड्यातून निघालेल्या पिलाच्या अंगावर फक्त पांढरी लव असते. ते स्वतःचं तापमान राखू शकत नाही. बाल्ड ईगलच्या पिलाला हे जमायला साधारण पंधरा दिवस लागतात. तोवर एक पालक घरट्यावर हवाच, आणि बहुतेक गरुडांत ते काम मुख्यतः मादीचं. ती नरापेक्षा अंगाने मोठी असते. नर शिकार आणून टाकतो आणि पुन्हा निघतो. तो गायब दिसतो तो एवढ्यासाठीच.

परदेशी कॅमेरे बघून आपल्याला वाटतं की खरा शत्रू थंडी. जत किंवा म्हसवडकडच्या एप्रिलमध्ये शत्रू ऊन असतं. अंड्याला थोडा गारवा सोसतो, जास्तीची उष्णता सोसत नाही. म्हणून दुपारी मादी सूर्याकडे पाठ करून, पंख अर्धे उघडून पिलावर सावली धरून उभी दिसते. तिची चोच उघडी असते, गळा धपापत असतो. ती आजारी नाही. पक्ष्यांना घाम येत नाही, धापेतूनच ते उष्णता बाहेर टाकतात. अशा वेळी कोणी झाडाखाली गेलं आणि ती उठून गेली, तर उघड्या पडलेल्या पिलाला अर्ध्या-पाऊण तासाचं ऊनही घातक ठरू शकतं.

भरवताना ती मांसाचे अगदी छोटे तुकडे फाडते आणि मान तिरकी करून पिलाच्या चोचीशी नेते. पिलं मागे सरकत घरट्याच्या काठाशी जाऊन बाहेर विष्ठेची पिचकारी मारतात, त्यामुळे घरटं बरंच स्वच्छ राहतं. कड्यावर खाली उतरलेले पांढरे ओघळ दिसतात ते यामुळेच. घरटं किंवा बसायची जागा शोधायला ती सगळ्यात चांगली खूण.

घरट्यात मधूनमधून ताज्या पानांची डहाळी येते. कीड दूर ठेवायला म्हणून असेल किंवा ‘हे घरटं चालू आहे’ हे दुसऱ्या गरुडांना कळावं म्हणून. अभ्यासक दोन्ही कारणं मांडतात. आपल्या कामाचं एवढंच की हिरवी डहाळी दिसली तर घरटं वापरात आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून लवेतून काळसर नळ्या फुटू लागतात. त्या वाढत्या पिसांच्या असतात, आत रक्त असतं, आणि मोडल्या तर पीस खराब निघतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाठ काळपट-तपकिरी दिसू लागते आणि पिल्लू स्वतः मांस फाडू बघतं.

## सापमार साप कसा भरवतो?

मोरघार तित्तर, पारवा किंवा ससा पंजात धरून आणते. सापमार मात्र साप गिळून आणतो. डोकं आधी चिरडून तोंडाकडून गिळायला सुरुवात करतो आणि शेपटीचा वीतभर भाग चोचीबाहेर लोंबत ठेवतो. दुर्बिणीतून उडताना ती दोरीसारखी लटकलेली शेपटी दिसली, तर सरळ रेषेत तो जिकडे जातोय तिकडे घरटं असण्याची दाट शक्यता.

घरट्यावर उतरला की मादी किंवा वाढलेलं पिल्लू ती शेपटी चोचीत धरून ओढतं. पालक मान ताणून, मागे रेलून ओकारी दिल्यासारखं करतो आणि अख्खा साप बाहेर येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पिल्लू आईच्या घशातलं काहीतरी उपटतंय. लहान असताना मादी फाडून तुकडे देते. काही आठवड्यांचं झालं की पिल्लू साप उलटसुलट करून तोंडाचं टोक शोधतं आणि तिकडून गिळायला लागतं. शेपटीकडून गिळू गेलं तर खवले उलटे अडतात आणि सगळं बाहेर टाकावं लागतं.

सापाचं विष सापमाराला चढतच नाही, ही समजूत खरी नाही. त्याचा बचाव चपळाईत आणि पायांवरच्या जाड खवल्यांत आहे. गिळलेलं विष पोटात इतर प्रथिनांसारखं पचून जातं, ते वेगळं.

## ‘आई पिलांना ढकलून उडायला शिकवते’, हे खरं का?

नाही. उडायच्या आधी पिल्लू पंधरवडाभर घरट्यातच पंख मारत उड्या घेतं, मग शेजारच्या फांदीवर किंवा कड्याच्या पायरीवर येतं. या काळात पालक शिकार घेऊन येतात पण कमी वेळा, आणि कधीकधी समोरच्या फांदीवर बसून खातात. भुकेने पिल्लू पुढे सरकतं. ढकलणं किंवा मऊ गादी काढून काटे उघडे करणं हे कॅमेऱ्यांत दिसलेलं नाही. पहिलं उड्डाण पुष्कळदा वाऱ्याच्या झोतात तोल गेल्याने होतं, आणि उतरणं तर फारच बेंगरूळ.

व्हॉट्सॲपवरची दुसरी गोष्ट याहून लाडकी: चाळिशीत गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच मोडतो, नखं आणि पिसं उपटतो, पाच महिन्यांनी नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो. चोचीशिवाय गरुड पाच महिने तग धरणारच नाही. चोच आणि नखं आयुष्यभर वाढत आणि झिजत असतात, पिसं टप्प्याटप्प्याने गळून नवी येतात. शिवाय रानातल्या बाल्ड ईगलच्या आयुष्याची नोंद झालेली कमाल मजल ३८ वर्षांची आहे. प्रेरणादायी भाषणांनी गरुडाला उगाच कामाला लावलंय.

## डोळ्यांदेखत मरू द्यायचं? आपण वाचवायचं नाही?

युरोपात काही दुर्मिळ गरुडांच्या बाबतीत प्रशिक्षित लोक हे खरंच करतात. धाकटं पिल्लू वेळेत उचलतात, बाहेर वाढवतात आणि मोठ्याचा आक्रमकपणा ओसरला की परत घरट्यात ठेवतात. त्यासाठी परवानगी, पिंजरे, रोजचं ताजं मांस आणि बरोबर दिवस ओळखणारा डोळा लागतो. हौशी माणसाने झाडावर चढून हे करू बघितलं तर धाकट्यासोबत थोरलंही जातं, कारण पिसं येत आलेलं पिल्लू घाबरून वेळेआधीच उडी टाकतं.

कायद्याचंही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्याला आणि अंड्यांना त्रास देणं येतं. फोटोसाठी फांद्या छाटणंही त्यात आलं.

जमिनीवर पिल्लू सापडलं तर? अंगभर पिसं असतील आणि ते उभं राहत असेल, तर बहुधा उड्डाण चुकलेलं असतं आणि पालक वरून बघत असतात. कुत्री लांब ठेवा आणि स्वतःही दूर व्हा. अंगावर लव असेल, रक्त असेल किंवा पंख लोंबत असेल, तर जाड कापड टाकून उचला. आधी पाय सांभाळा, इजा चोचीपेक्षा नखांनी होते. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दूध, भात, खिमा काही देऊ नका. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. माणसाचा हात लागला म्हणून पालक पिल्लू टाकून देतात हा समज चुकीचा आहे. जाणकार लोक पिलं घरट्यात परत ठेवतात आणि पालक ती स्वीकारतात.

## बघायचं तर किती लांबून?

अमेरिकेत बाल्ड ईगलच्या घरट्यापासून पायी फिरणाऱ्यांनी निदान ३३० फूट, म्हणजे १०० मीटर, लांब राहावं अशी सरकारी शिफारस आहे. तिथले पक्षी माणसांना बरेच सरावलेले आहेत. आपल्या माळावर वा कड्यावर याच्या चार-पाचपट अंतर ठेवलेलं बरं. त्याला ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ ची दुर्बीण घरटं शोधायला पुरते. पिलाच्या गळ्याची पिशवी बघायला तिकाटण्यावरचा २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्कोप लागतो.

कड्यावरचं घरटं समोरच्या सोंडेवरून बघा, वरून कधीही नाही. गरुडाच्या दृष्टीने धोका वरूनच येतो. घरटं चालू असलेल्या कड्यावर दोर लावून उतरण्याचे कार्यक्रम त्या हंगामात टाळायला हवेत. ड्रोन तर नकोच, गरुड त्यावर झेपावतो आणि पात्यांत सापडतो. तुम्ही आल्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालू लागला, किंवा शिकार धरून घरट्यावर न उतरता लांब बसून राहिला, तर तुम्ही जास्त जवळ आहात. उठा आणि मागे जा. फोटो टाकताना गावाचं आणि कड्याचं नाव गाळा, फोनमधली जागेची नोंद बंद ठेवा.

## घरटं शाबूत, तरी गरुड कमी का?

घरट्याला हात न लावताही जोडी जाऊ शकते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते. त्यामुळे तिथल्या रंगीत गळ्याच्या सरड्यांची संख्या वाढली आणि ते माणसाला कमी घाबरू लागले. म्हणजे खाद्य मुबलक असूनही खाणारे फिरकत नव्हते.

पवनचक्क्या नकोतच असा याचा अर्थ काढू नये. कुठल्या पठारावर आणि घरट्यांच्या किती जवळ, हा प्रश्न आहे. माळावर रोजच्या अडचणी आणखी साध्या: गवताला लावलेला वणवा, बांधावरची एकुलती मोठी बाभूळ तोडणं, उंदरांना घातलेलं विष, उघड्या तारांचे विजेचे खांब.

मेंढपाळांची शंकाही रास्त आहे: गरुड कोकरू नेतो का? मोरघार स्वतः दीड ते अडीच किलोची. मोकळी कोंबडी ती खरंच उचलते. धडधाकट कोकरू घेऊन उडणं तिच्या आवाक्यात नाही. सापमाराला तर कोंबडीतही रस नसतो.

## पिल्लू उडालं, पुढे काय?

उडाल्यावरही पिल्लू काही आठवडे घरट्याच्या परिसरातच ओरडत फिरतं आणि पालक त्याला भरवतात. या काळात ते पालकांपेक्षा मोठं दिसू शकतं, कारण पहिली उडायची पिसं जास्त लांब असतात. मोरघारीचं पिल्लू खालून तांबूस असतं. पांढऱ्या छातीवर काळ्या रेघा असलेला पक्षी दिसला तर तो मोठा. मग ते दूर निघून जातं.

जोडी मात्र बहुधा तिथेच राहते. मोरघारीची एकाच कड्यावर किंवा आसपास दोन-तीन घरटी असतात आणि ती त्यांत आलटून पालटून राहते. तेव्हा पुढच्या थंडीत जुनं घरटं ओस दिसलं तर लगेच निराश होऊ नका. समोरच्या सोंडेवरून सगळा कडा सावकाश न्याहाळा आणि ताज्या हिरव्या डहाळ्या कुठल्या घरट्यावर पडल्यात ते बघा.